चुना वरच्या बाजूला

"हिला कुणी हात लावला नाही ना?" जिन्याखाली ओणवी होऊन आत टॉर्च मारत मी विचारलं.

"तू बजावलं होतंस ना, मी येईपर्यंत हलवायची नाही म्हणून," बेनी मागून म्हणाली. "झाडूसुद्धा फिरवला नाही कुणी."

ते दिसतच होतं. रहाटाचं मोडकं चाक, सुतळीचे गुंडे, घडी केलेली ताडपत्री आणि या सगळ्याच्या मागे, भिंतीलगत, दोन विटांच्या बेचक्यात एक काळी बाटली आडवी झोपलेली. लेबल कसरीने कधीच खाल्लेलं. तोंडाला लाखेची टोपी, तिचेही पोपडे निघालेले. आणि पोटावर, अगदी वरच्या अंगाला, चुन्याचा एक पांढरा फराटा.

"हा चुना कुणी लावला?"

"हातभट्टीवाल्याने, आणखी कुणी?" दारातून आवाज आला.

मी डोकं आपटत बाहेर आले. बंडी-लेंग्यातले, काठीसारखे ताठ एक म्हातारे उभे होते. बेनीचे काका, इनास तुस्कानो. ज्या जिन्याखाली मी शिरले होते तो त्यांच्याच वाट्याच्या घरातला.

"दारूबंदीत इथले लोक बाटल्या खाडीच्या चिखलात पुरायचे," ते म्हणाले. "आपली कुठली ते कळावं म्हणून चुन्याचा हात मारायचे. वसईत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं ते. आणि माझा भाऊ असली बाटली घेऊन येतो अन् सांगतो, दादा, ही पोर्तुगालहून आणली!"

"काका," बेनी म्हणाली, "आता चारू आलीय ना. ती सांगेल."

"हां, सांगू दे. कुणाकडून तरी कळू दे एकदा."

मी तेव्हा दिंडोरीजवळच्या एका वायनरीत चव घेणारी म्हणून नोकरीला होते. लहानपणी दूध नासणार हे मला आईच्या आधी वासावरून कळायचं, त्याच नाकावर पुढे पोट भरायला लागले. बेनी आमच्याच वायनरीत अकाउंट्सला. एके दिवशी डबा खाताना ती म्हणाली, आमच्या घरी एक जुनी पोर्ट आहे, पप्पांनी जहाजावरून आणलेली, खरी की खोटी ते सांगशील का? पोर्ट ही पोर्तुगालची वाईन: द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात कडक ब्रँडी ओतून आंबणं थांबवायचं. मग गोडवाही राहतो आणि चांगल्या सालाची बाटली चाळीस-पन्नास वर्षं टिकते. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. प्रत्यक्षात मी कोवळ्या पोर्टचे दोन-चार घोट घेतलेले, पिकलेली कधी पाहिलीही नव्हती. तेव्हा खरं सांगायचं तर मला त्यांच्या घरच्या भांडणात नाक खुपसायचं नव्हतं. बाटलीत मात्र खुपसायचं होतं.

पण भांडण चुकवता येण्यासारखं नव्हतं. ते बेनीच्या आईने, कतरीनमावशीने, मला पलीकडच्या ओट्यावर बसवून चहाबरोबरच वाढलं.

"आमचे हे सांतान, अन् तिकडचे इनासभावोजी. सख्खे भाऊ. हे जहाजावर खलाशी. भावोजी वाडी बघायचे, केळी अन् पानवेली. शहात्तर साली, भर उन्हाळ्यात सासरे गेले. तार केली. हे आले नाहीत. खांदा द्यायला भावोजी एकटे. आले ते नाताळाला, हातात ती बाटली. म्हणाले, जहाज पोर्तुगालला, पोर्तोच्या बंदरात दुरुस्तीला अडकलेलं, तार फिरत फिरत उशिरा पोचली. बेनीच्या जन्माच्या सालातली बाटली आहे, दादा, तू तिचा धर्मपिता, तुझ्यासाठी आणली."

"मग?"

"मग काय! तोवर कुणीतरी भावोजींच्या कानात भरलेलं. मयताच्या दिवसांत सांतानला मुंबईत गोदीवर पाहिला म्हणून. भावोजींनी बाटलीवरचा चुना बघितला नि म्हणाले, बापाला माती द्यायला आला नाहीस, मुंबईत बसून ढोसत होतास, अन् वर हातभट्टीची बाटली पोर्तुगालची म्हणून देतोस? यांनी बाटली त्यांच्या जिन्याखाली ठेवली. भावोजी म्हणाले, ने. हे म्हणाले, दिलेली वस्तू मी परत नेत नाही. दोघं एकाच बापाची पोरं, दोघांच्या डोक्यात एकच दगड. पडली ती तिथेच."

"माझ्या लग्नात उघडायची ठरली होती," बेनी म्हणाली. "तेव्हाही काका म्हणाले, माझ्या पोरीच्या लग्नात हातभट्टी नको."

मावशीने कप खाली ठेवला. "हे जाऊन बारा वर्षं झाली, बाय. आज मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळा गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातो. भावोजी येतात, आईबापाच्या कबरीवर लावतात, जुन्या शेजाऱ्यांच्या कबरीवर लावतात, अन् यांच्या कबरीला वळसा घालून जातात. सगळ्या गावासमोर. यंदा मी त्यांना विचारलं, बाटली खरी निघाली तर? म्हणाले, तर लावीन. मला दुसरं काही नको, बाय. ती चांगली आहे की नासली हे सांगू नकोस. तिथली आहे की नाही तेवढं सांग."

"नसली तर?"

"तर तसं सांग," मावशी म्हणाली. "मी इतकी वर्षं त्यांच्या शब्दावर काढली. खोटा असेल तर तोही ऐकून घेईन." पण हे म्हणताना तिने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

माझी उत्सुकता जराशी गारठली. चव घेऊन वाईनला गुण देणं वेगळं आणि मेलेल्या माणसाच्या शब्दाला गुण देणं वेगळं. पण मागे फिरायची सोय नव्हती आणि, लपवून काय उपयोग, फिरावंसं वाटतही नव्हतं.

बाटली मी जशी आडवी होती तशीच, तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर धरून, काकांच्या माजघरातल्या टेबलावर आणली. खाली टॉवेलची चुंबळ करून, तोंड जरा वर राहील अशी तिला टेकवली. त्या घरात मावशी कित्येक वर्षांनी पाऊल टाकत होती. ती दारापाशीच उभी राहिली. काकांनी एक खुर्ची काठीने तिच्याकडे सरकवली, तिच्याकडे न बघता.

"आधी हिची परीक्षा," काका म्हणाले आणि आतून एका पेल्यात लालभडक वाईन घेऊन आले. "ओळख बघू काय आहे. नाकात दम असेल तरच माझ्या घरात बाटली फुटेल."

मी पेला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या तांब्यात थुंकले.

"अगं! थुंकली ही!" काका बेनीकडे बघून ओरडले.

"कामच असतं तिचं ते," बेनी हसू दाबत म्हणाली.

"मनुका," मी म्हटलं. "काळ्या. साखर भरपूर. गहू घातलेत, ते भिजल्याचा वास आहे. दालचिनी. आणि रंगाला बीट."

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "बीट? सून म्हणते बीट घालत नाही."

 आत भांडी जरा जोरात वाजली.

"बरं," काका खुर्चीत बसत म्हणाले. "फोड."

लाखेचे पोपडे सुरीने उडवले. बूच दिसलं. काळं, पण वरून ओलसर. मला बरं वाटलं. अशा बाटल्यांच्या बुचावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल डागलेलं असतं. बूच नीट निघालं तर चव घ्यायच्या आधीच निकाल लागणार होता. तसं मी बोलूनही गेले. आणि बोलायला नको होतं. स्क्रू आत गेला, मी अगदी हळू ओढलं, आणि बूच भिजलेल्या बिस्किटासारखं तुटलं. वरचा तुकडा हातात आला तो कोरा. खालचा भाग मी कोरत गेले तसा त्याचा चुरा झाला. त्या चुऱ्यात एक वाकडी काळी रेघ होती. ती आकड्यातली होती की अक्षरातली, की नुसता डाग, हे देवाला ठाऊक.

"झालं," काका म्हणाले. "पुरावा संपला."

 मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"वाईन आहे अजून," मी म्हटलं. "मेणबत्ती आहे का एखादी?"

मावशीच्या पिशवीत संध्याकाळसाठी आणलेल्या मेणबत्त्या होत्या. तिने एक काढून दिली. बेनीने खिडकी लोटून घेतली. जुन्या पोर्टमध्ये गाळ धरतो, जाड, सालीसारखा. ओतताना तो पेल्यात येऊ नये म्हणून बाटलीच्या गळ्यामागे ज्योत धरायची, आरपार बघत बघत एका धारेत दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि गाळ गळ्याशी आला की थांबायचं. मी बाटली न फिरवता तशीच उचलून हळूहळू कलती केली. बेनीने मेणबत्ती धरली. पहिली धार सरबताच्या काचेच्या जगमध्ये पडली आणि खोलीत वास सुटला.

आतली भांडी वाजायची थांबली.

मला आजही तो वास नेमका सांगता येत नाही, आणि सांगता न येणं ही माझ्या धंद्यात नामुष्की. सुके अंजीर होते. अक्रोड होता. जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसा काहीतरी कोरडा, गंभीर वास होता आणि त्याच्या तळाशी, अजून जिवंत, पिकलेल्या जांभळासारखं फळ. मी ओतत होते, बघत होते, आणि मध्येच बघायचं काम डोळ्यांना सोडून नाकच पुढे जात होतं. धार शेवटपर्यंत नितळ आली. थोडा सुटा गाळ गळ्याशी आला तशी मी थांबले.

रंग विटकरी-लाल, कडेला नारिंगी. कोवळी असती तर शाईसारखी काळी दिसली असती. पहिला घोट मी तोंडात घोळवला. गोडी आली, पण काकवीसारखी चिकट नव्हे, तिच्यामागून तुरटपणा आला, मग ब्रँडीची ऊब हळूच घशापाशी. मी तांब्याकडे वाकले आणि थांबले. थुंकवेना. गिळून टाकला.

"थुंकली नाही," काका म्हणाले. त्यांचं माझ्यावर बारीक लक्ष होतं.

"काका, ही हातभट्टी नाही."

"मनुकांची असेल. जुनी."

"घरची मनुकांची वाईन इतकी वर्षं टिकत नाही. आंबूस होते, नाहीतर पाणचट. हिच्यात अजून जोर आहे. आणि हिचा तुरटपणा द्राक्षाच्या जाड सालीचा आहे, तो इथे कुणी आणणार कुठून? ही खरी पोर्ट आहे. साल माझ्याच्याने नेमकं सांगवणार नाही, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नक्की. तिथलीच आहे."

मावशीने डोळे मिटले. तिच्या ओठांची हालचाल झाली, प्रार्थनेची असावी.

खरं तर मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण अर्धवट खरं सांगणं मला जमत नाही.

"एवढं मात्र आहे," मी म्हटलं, "बाटली कुठे भरली ते मला कळतं. ती विकत कुठे घेतली, ते चवीवरून कळत नाही."

बेनीने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. काकांनी मात्र मान हलवली. "मुंबईत तस्करांकडे काय मिळत नव्हतं? तेच म्हणतोय मी."

 मावशी उठायच्या बेतात दिसली. मला काही सुचेना म्हणून मी रिकामी बाटली उचलली आणि मेणबत्तीपुढे धरली. माझी ही खोडच आहे. घाबरले की काहीतरी निरखत बसते.

बाटलीत गाळाची जाड साय एकाच अंगाला चिकटली होती, सरळ, तळापासून गळ्यापर्यंत. दुसरं अंग लख्ख. मी बाटली फिरवली. लख्ख अंगावर बाहेरून चुन्याचा फराटा होता. गाळ बरोब्बर त्याच्या पाठीला.

"अरेच्चा," मी म्हणाले. "म्हणजे हा चुना त्यासाठी आहे!"

"कशासाठी?" बेनीने विचारलं.

"खूण आहे ही. तळघरातच मारलेली असणार. बाटली आडवी ठेवायची, चुना वर. गाळ खालच्या अंगाला धरतो. मग कधी हलवावी लागली तर परत ठेवताना चुना वर करूनच ठेवायची, म्हणजे गाळ आपल्या जागी बसतो. उलटी ठेवली तर तो दुसऱ्या अंगालाही धरतो, सगळी गढूळ होते." मी त्या शोधात इतकी रंगले होते की माणसं विसरले. "हिच्यात बघा, एकच साय आहे. म्हणजे इतक्या वर्षांत ही एकदाही चुकीची ठेवलेली नाही."

"पडूनच होती ना ती," काका म्हणाले. "कोण हात लावतोय."

"पडून कशी?" बेनी म्हणाली. "काका, हे घर तर चौऱ्याण्णवला पाडून नवीन बांधलं. आपण सगळे वर्षभर चाळीत राहिलो. हा जिनासुद्धा नवीन."

मला त्या दोन विटा आठवल्या. नवीन घराच्या विटा, बाटलीच्या दोन बाजूंना, ती गडगडू नये अशा बेताने लावलेल्या.

"मग कुणीतरी नेली," मी म्हणाले. "तिथे चुना वर करून ठेवली. परत आणली, आणि पुन्हा तशीच ठेवली. ज्याला चुन्याचा अर्थ ठाऊक होता अशा कुणीतरी. मावशी, तुम्ही?"

"मी? मला आत्ता कळला तो अर्थ," मावशी म्हणाली. "मी तर या घरात..." आणि ती थांबली. मग तिने सावकाश मान वळवली आणि दिराकडे पाहिलं. माझ्या देखत तरी पहिल्यांदाच, सरळ तोंडाकडे.

इनासकाका टेबलावरचा बुचाचा चुरा बोटाने गोळा करत होते. बराच वेळ गोळा केला. चिमूटभर तर होता.

"त्या दिवशी जिन्याखाली ठेवताना बोलला तो," ते म्हणाले. "दादा, शिव्या दे, पण चुना वर राहू दे. मी तिथे तळघरात बघून आलोय, हजारो बाटल्या आहेत, सगळ्यांचा चुना वर. तिथल्या म्हाताऱ्याने मला हाताला धरून दाखवलं, म्हणाला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तेव्हापासून."

"मुंबईत बसून कुणाला असलं सुचतं का, कतरीन? बघितल्याशिवाय?"

"मग का, भावोजी?"

"बापाला खड्ड्यात उतरवताना दुसऱ्या बाजूची दोरी शेजाऱ्याने धरली. सख्खा मुलगा असून शेजाऱ्याने." काकांचा आवाज फाटला. "त्याचा काही दोष नव्हता हे कबूल केलं असतं, तर तो राग मी कुणावर काढला असता? देवावर? तो खोटारडा, असं म्हणत गेलो. मग एकदा म्हटलेलं मागे घ्यायला जीभ वळली नाही. तो गेला त्या रात्री उठून बघून आलो. बाटली नीट आहे ना."

बेनी रडत होती. मावशी रडत नव्हती. ती चिडली होती, आणि तिने ते लपवलं नाही. "माझ्या नवऱ्याला तुम्ही गावासमोर खोटं ठरवलंत आणि त्याची बाटली मात्र सांभाळलीत. बाटलीऐवजी त्याला सांभाळला असता तर!"

"हो," काका म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी जग स्वतःकडे ओढला आणि चार पेल्यांत थोडी थोडी पोर्ट ओतली. एक थेंब सांडला नाही. पहिला पेला त्यांनी मावशीपुढे ठेवला. मावशीने तो लगेच घेतला नाही. आम्ही कुणीच घेतला नाही. शेवटी तिने उचलला, ओठाला लावला, आणि तिच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली.

"ते म्हणायचे, अंजिरासारखी लागते," ती म्हणाली. "मला वाटायचं, बढाया मारतात."

काकांनी आपला पेला एका दमात संपवला. अशी पोर्ट तशी प्यायची नसते. 

खिडकी उघडली तेव्हा बाहेर उन्हं कलली होती आणि रस्त्यावरून माणसं फुलं घेऊन दफनभूमीकडे निघाली होती. टेबलावरची मेणबत्ती अजून जळत होती. बेनी ती फुंकायला वाकली, तसा काकांनी हात आडवा घातला. स्वतः ज्योत चिमटीत धरून विझवली, मेण गार होईपर्यंत थांबले आणि ती अर्धी मेणबत्ती बंडीच्या खिशात ठेवली.

"भावोजी, पिशवीत नव्या आहेत की," मावशी म्हणाली.

"नव्या तुम्ही लावा," काठी घेऊन उठत काका म्हणाले. "त्याला ही."